पावसाळ्याचे वेळापत्रक

मंडळी, पाऊस कोसळतो आहे, एस्. टी.च्या थांब्यावर आपण तासभर ताटकळत उभे आहोत, आणि गाडी येणार की नाही हे सांगायला कोणी नाही, असा अनुभव कोणाला नाही? घरी यावे तर वीज गेलेली. मग आपण वैतागून म्हणतो, “पूर्वी असं नव्हतं!” पूर्वी खरोखर कसे होते, ते आज थोडे पाहू. उदाहरण कोकणाचे घेऊ; कारण डोंगर, खाड्या आणि पाऊस या तिघांची गाठ तिथे पडते.

पूर्वी पावसाळ्यात प्रवास करायचाच नाही, असा शिरस्ता होता. बौद्ध भिक्षू वर्षावासासाठी एका जागी राहत. मराठ्यांच्या फौजा छावणीला परतत आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करीत. कोकणातल्या बायाबापड्या पावसाआधी मीठ-मिरची, सुकी मासळी, लाकूडफाटा भरून ठेवीत. याला तिकडे ‘आगोटीची बेगमी’ म्हणतात. पुढे आगबोटी आल्या. पण किनाऱ्याच्या लांबच्या फेऱ्या पावसाळ्यात बंदच राहत. अडलेल्या बाळंतिणीला, आजाऱ्याला वाट नसे, म्हणून त्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण एक गोष्ट खरी, की वाट बंद आहे हे सर्वांना आधीच ठाऊक असे.

मग आगगाडी आली. १६ एप्रिल १८५३ रोजी ती बोरीबंदराहून ठाण्याला, २१ मैल धावली. १८६३ साली बोरघाटातला लोहमार्ग सुरू झाला. आगगाडीबरोबर छापील वेळापत्रक आले, आणि हा मोठा बदल होता. अमुक वाजता गाडी येईल, असा जणू शब्दच प्रवाशाला मिळाला. पण डोंगराने तसा शब्द कुठे दिला होता? १८६७ च्या जुलैत बोरघाटातला एक दगडी पूल कोसळला. घाटात रूळ टाकले म्हणजे काम संपले असे नाही. ते दर पावसाळ्यात राखावे लागतात, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

दिलेली वेळ आणि खवळलेले हवामान यांचा मेळ बसला नाही, तर काय होते? १७ जुलै १९४७ चा दिवस आठवा. ‘रामदास’ ही बोट सकाळी मुंबईहून रेवसला निघाली. जवळच्या फेऱ्या पावसातही चालू असत. अवसेचा दिवस, सणासाठी गावी निघालेली माणसे. काशाच्या खडकाजवळ लाटांच्या माऱ्यात बोट कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. ही बातमी मुंबईला कळायला दुपार उलटली. स्वातंत्र्य महिन्याभरावर आले होते, आणि कुलाबा जिल्ह्यात घरोघर आकांत चालला होता.

आता कोकण रेल्वेकडे वळू. १९९८ साली रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा मार्ग पुरा झाला; बोगदे ९१. पण २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ दरड आली, गाडी घसरली, आणि पन्नासच्या आसपास माणसे दगावली. पुढच्याच जूनमध्ये करंजाडीजवळ दुसरा अपघात झाला. आज ही रेल्वे पावसाळ्यासाठी निराळे वेळापत्रक काढते. गाड्या हळू चालतात, मार्गावर गस्त असते. प्रवास लांबतो, प्रवासी कुरकुरतात. पण ही जुनी आगोटच नव्हे काय? पाऊस येणार हे धरूनच शब्द द्यायचा.

रस्त्यावर तशी खबरदारी कमी पडली, तेव्हा काय झाले तेही आपण पाहिले. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा इंग्रजी अमदानीतला पूल वाहून गेला, आणि त्याबरोबर एस्. टी.च्या दोन गाड्या गेल्या.  उलट, २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले, तेव्हा रेल्वेने गाड्या जागोजाग थांबवून धरल्या. हजारो प्रवासी अडकले, हाल झाले. पण ते जिवंत घरी पोहोचले.

म्हणून मंडळी, गाडी थांबली म्हणून रागावण्याआधी ती का थांबली हे विचारावे. आणि ते कोणी सांगत नसेल, तर मात्र जरूर रागवावे. पाऊस कोणाच्या हातात नाही. पण पूल वेळेवर तपासणे, गटारे उपसणे आणि गाडी येणार नसेल तर तसे फळ्यावर लिहिणे, हे माणसाच्या हातातले आहे.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक सुचवावेसे वाटते. आपल्या ओढ्याला कोणत्या साली कुठवर पाणी आले होते, हे मुलांना घरच्या वडीलधाऱ्यांकडून विचारून आणायला सांगा. शाळेच्या भिंतीवर त्याची खूण आणि साल रंगवा. वर्षभराने नवा पूल, नवी मोरी बांधायला कोणी आले, तर त्यांना ती भिंत दाखवता येईल.