कौल नेमका कोणाचा?

नोव्हेंबर १९९९. तंत्रज्ञानाच्या बातम्या देणाऱ्या स्लॅशडॉट या अमेरिकी संकेतस्थळाने वाचकांचा कौल मागितला: संगणकशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी सर्वांत चांगली संस्था कोणती? एकाने एकदाच मत द्यावं म्हणून संगणकाचा आयपी पत्ता नोंदवला जात होता. कार्नेगी मेलनच्या विद्यार्थ्यांनी त्यातून पळवाट काढली आणि हजारो मतं टाकणारा प्रोग्रॅम लिहिला. दुसऱ्या दिवशी एमआयटीनेही आपला प्रोग्रॅम सोडला. अखेर एमआयटीला २१,१५६ आणि कार्नेगी मेलनला २१,०३२ मतं पडली. बाकी एकाही संस्थेला हजाराचा आकडा गाठता आला नाही.

पोरांची मस्ती म्हणून हे सोडून देता आलं असतं, पण तसं झालं नाही. वेड्यावाकड्या अक्षरांतून माणूस आणि यंत्र ओळखणाऱ्या ‘कॅप्चा’वरचा शोधनिबंध २००३ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या लेखकांत कार्नेगी मेलनचेच लुईस फॉन आन आणि मॅन्युएल ब्लम होते. कॅप्चा कुठे उपयोगी पडेल हे सांगताना त्यांनी सर्वांत आधी नाव घेतलं ते ऑनलाइन जनमत चाचणीचं, आणि उदाहरण दिलं ते याच मतदानाचं.

खरं तर मत नेमकं कोणाचं, हा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे. १९९३ च्या सुमारास वेबपानांवर ‘फॉर्म’ आले. तोवर पान फक्त वाचता येई. आता त्यावर रिकामी चौकट, निवडीचं गोल बटण आणि ‘सबमिट’ दिसू लागलं. बटण दाबलं की उत्तर सर्व्हरकडे जाई आणि तिथला एक छोटा प्रोग्रॅम ते फाइलमध्ये नोंदवून ठेवी. या सोयीचा पहिला मोठा उपयोग अटलांटाच्या जॉर्जिया टेकमधल्या संशोधकांनी केला. जानेवारी १९९४ मध्ये त्यांनी वेब वापरणाऱ्यांची पाहणी वेबवरच घेतली. चार हजारांहून अधिक लोकांनी उत्तरं दिली आणि त्यांतले नव्वद टक्क्यांहून जास्त पुरुष होते. या पाहण्या १९९८ पर्यंत, एकूण दहा वेळा झाल्या. उत्तरं देणारे आपणहून आलेले आहेत, निवडलेले नाहीत, हे त्या संशोधकांना पक्कं ठाऊक होतं.

पुढे ही साधनं झपाट्याने सोपी झाली. प्रोग्रॅम लिहिता न येणाऱ्यालाही प्रश्नावली बनवता यावी म्हणून रायन फिनली यांनी १९९९ मध्ये सर्व्हेमंकी सुरू केलं. २००३ साली आलेलं पीएचपीसर्व्हेयर, म्हणजे आजचं लाइमसर्व्हे, मुक्त स्रोताचं होतं. ते आपल्याच सर्व्हरवर बसवता येई. २००८ मध्ये गूगलने आपल्या स्प्रेडशीटला फॉर्म जोडला. उत्तर आलं की थेट तक्त्यात नवी ओळ पडणार, तेही फुकट! आज आपल्याकडच्या कॉलेजांत प्रकल्पाची प्रश्नावली बहुधा गूगल फॉर्मवरच फिरते. विचारण्याची ही मुभा फार मोलाची आहे. मात्र लिंक ओळखीच्यांच्या वर्तुळात फिरते आणि अहवालात त्याच वर्तुळाला ‘महाराष्ट्रातील युवक’ म्हटलं जातं, तेव्हा त्या पाहणीत नसलेल्या लाखो तरुणांवर अन्याय होतो.

उत्तरांचा ढीग कितीही मोठा असला तरी तो फसवू शकतो, हे १९३६ सालीच दिसलं होतं. अध्यक्षीय निवडणुकीचा कौल घ्यायला ‘लिटररी डायजेस्ट’ या अमेरिकी साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका पाठवल्या. वीस लाखांहून जास्त परत आल्या आणि त्यांवरून रूझवेल्ट यांचे प्रतिस्पर्धी लँडन जिंकणार असं भाकीत केलं गेलं. प्रत्यक्षात ४८ पैकी ४६ राज्यं रूझवेल्ट यांनी जिंकली.

अशा एकांगी ढिगातूनही सत्य काढता येतं का, याचा विलक्षण प्रयोग २०१२ मध्ये झाला. अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीआधीचे ४५ दिवस एक्सबॉक्स या गेम-यंत्रावर खेळणाऱ्यांना रोज मत विचारलं गेलं. साडेतीन लाखांच्या आसपास लोक सहभागी झाले. त्यांत ९३ टक्के पुरुष होते आणि १८ ते २९ वयाचे ६५ टक्के. प्रत्यक्ष मतदारांत या वयाचे जेमतेम १९ टक्के. कच्च्या आकड्यांवर विसंबलं असतं तर उमेदवार रॉम्नी मोठ्या फरकाने जिंकताना दिसले असते. वेई वांग, डेव्हिड रॉथशिल्ड, शरद गोयल आणि अँड्र्यू गेलमन यांनी लिंग, वंश, वय, शिक्षण, राज्य, पक्ष, विचारसरणी आणि मागचं मत यांनुसार मतदारांचे १,७६,२५६ गट पाडले. प्रत्येक गटाचा कल सांख्यिकीने अंदाजला आणि खऱ्या मतदारांतल्या प्रमाणानुसार त्याला वजन दिलं. तेव्हा चित्र व्यावसायिक चाचण्यांच्या सरासरीशी जुळलं.

त्याच वर्षी भारतात गांधीजींनंतरच्या ‘सर्वश्रेष्ठ भारतीया’चा कौल झाला. ऑनलाइन आणि फोनवरून पडलेल्या मतांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर पहिले आले. त्यांना सुमारे वीस लाख मतं मिळाली. आयोजकांनी केवळ तेवढ्यावर निकाल लावला नाही, हे महत्त्वाचं. परीक्षक मंडळाची पसंती आणि नील्सन या पाहणी करणाऱ्या कंपनीची स्वतंत्र पाहणी त्याला जोडली, आणि तिन्ही मिळूनही बाबासाहेबच पहिले ठरले. अनेक वाहिन्या पडद्यावर टक्के झळकवतात, पण ते कोणाचे हे सांगत नाहीत. त्यांनी ही रीत उचलायला हवी होती.

नोव्हेंबर २०२२ मध्ये व्हॉट्सॲपवर पोल आला. पर्याय बारापर्यंत, आणि सुरुवातीला एकाच माणसाला कितीही पर्याय निवडता येत. ‘एकच उत्तर’ची सोय मे २०२३ मध्ये मिळाली. सोसायटीच्या ग्रुपवर टाकी कधी धुवायची किंवा गणपतीची वर्गणी किती ठेवायची, हे आता त्यावर ठरतं. इथे खोट्या मतांची भीती फारशी नाही, कारण कोणी काय निवडलं ते ‘मते पहा’वर बोट ठेवलं की नावानिशी दिसतं. अध्यक्षांनी आधीच आपलं मत टाकलेलं असलं, की भाडेकरू बराच विचार करून बटण दाबतो.