होन

भातसानगरहून शहापूरकडे जाताना माहुलीचे सुळके दिसू लागले की मला पुरंदरचा तह आठवतो. 1665 मध्ये शिवाजी महाराजांना जे तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले, त्यांत माहुलीही होता. या किल्ल्यांखालच्या मुलखाचा वर्षाचा वसूल तहात धरला होता चार लाख होन. तह दिल्लीच्या बादशहाशी, पण हिशेब दक्षिणेच्या नाण्यात!

शब्द कानडी आहे. ‘होन्नु’ म्हणजे सोनं. तमिळमध्ये सोन्याला ‘पोन्’ म्हणतात, आणि जुन्या कानडीतही ‘पोन्’च होतं. पुढे कानडीत शब्दाच्या सुरुवातीच्या ‘प’चा ‘ह’ झाला. दुधाच्या ‘पाल्’चं ‘हालु’ झालं, तसंच हे. आपण तो शब्द घेतला आणि शेवटचा उकार सोडून दिला. हिंदीत पैशांचा पाऊस पडला की ‘हुन बरसना’ म्हणतात, तो हुनही हाच.

‘मोहर’ मात्र फारसी. तिचा मूळ अर्थ शिक्का, ठसा. मोहर म्हटली की राजाचा हात आलाच. होन म्हणजे निव्वळ धातू, कुणाच्याही मालकीचा. म्हणून तर रायगडावरचा होन मला इतका मोलाचा वाटतो.

6 जून 1674, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी. राज्याभिषेकाच्या निमित्ताने पाडलेला हा होन जेमतेम पावणेतीन ग्रॅमचा. कडेने ठिपक्यांची माळ, एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. सारी अक्षरं नागरी. त्यावर साल नाही, शक नाही. त्याची गरजही नव्हती. अभिषेकाने जे पद मिळालं, तेच मागच्या बाजूला कोरलेलं. हा होन कोणत्या घटनेचा, ते त्या चार अक्षरांतच कळतं. तहातल्या चार लाख होनांवर महाराजांचं नाव नव्हतं. नऊ वर्षांनी शब्द तोच राहिला, कानडी, जुना. त्यावर मोहर मात्र आपली उठली.

सोन्याचे शिवकालीन होन फार थोडे उरलेत. तांब्याची शिवराई मात्र खेडोपाडी देव्हाऱ्यांत, जुन्या डब्यांत अजून सापडते, आणि तिच्यावरही हाच मजकूर. आमच्या शेजारच्या आजींनी त्यांची शिवराई एकदा माझ्या तळहातावर ठेवली. वरचं ‘छत्र’ झिजून सपाट झालं होतं. खालचं ‘पति’ अंगठ्याला अजून लागत होतं.