बीएल-५सी : सुट्या बॅटरीची कहाणी आणि बंद झालेले झाकण

नोकियाच्या हँडसेटचे मागचे झाकण अंगठ्याने सरकवले की आत चपटी, आयताकृती बॅटरी दिसत असे. लांबी साधारण ५३ मिलिमीटर, रुंदी ३४ आणि जाडी सहा मिलिमीटरांहून थोडी कमी. तिच्यावर छापलेले ‘बीएल-५सी’ हे वास्तविक कंपनीच्या कोठारातल्या मालाचे नाव. ग्राहकाने ते लक्षात ठेवावे असे त्यात काहीच नव्हते. तथापि २००३ नंतरच्या काही वर्षांत ते इतके रुळले की दुकानदाराला फोनचे मॉडेल सांगण्यापेक्षा बॅटरीचे नाव सांगणे सोपे पडू लागले. मोबाइलच्या इतिहासात फोनांची नावे पुष्कळ गाजली. सुट्या भागाचे नाव इतके घरोघरी पोहोचल्याची उदाहरणे मात्र विरळाच.

त्याचे कारण नोकियाच्या एका साध्या, पण दूरदर्शी निर्णयात सापडते. २००३ मध्ये आलेला, टॉर्चमुळे आणि धूळ न शिरणाऱ्या की-पॅडमुळे लोकप्रिय ठरलेला १११० चा थोरला भाऊ ११०० याच बॅटरीवर चालत असे. त्याच वर्षीचा, कॅमेरा व सिम्बियन प्रणालीमुळे महागडा ठरलेला ६६०० हादेखील याच बॅटरीवर चाले. खेळांसाठी काढलेला एन-गेज आणि २००५ चा एन-७० यांनाही तीच. म्हणजे सर्वांत स्वस्त फोन आणि तरुणांना हेवा वाटणारा फोन यांच्या पोटात एकच वस्तू होती. एका घरात दोन नोकिया असले आणि एकाची बॅटरी ऐन वेळी संपली, तर दुसऱ्याची काढून घालता येई. ११०० हा एकटाच फोन जगभर २५ कोटींहून अधिक विकला गेला, एवढे सांगितले तरी या बॅटरीच्या पसाऱ्याची कल्पना यावी.

रसायनाच्या दृष्टीने बीएल-५सी ही सर्वसाधारण लिथियम-आयन बॅटरी. सोनीने १९९१ मध्ये बाजारात आणलेल्या आणि ज्यासाठी जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम व अकिरा योशिनो यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले, त्याच तंत्राचे हे अपत्य. तिचा दाब ३.७ व्होल्ट. क्षमता सुरुवातीला ८५० मिलिअँपिअर-तास होती, पुढे ९७० आणि मग १०२० झाली. आकार न बदलता क्षमता वाढल्यामुळे जुन्या फोनमध्ये नवी बॅटरी घातली की फोन पहिल्यापेक्षाही जास्त चाले, हा अनुभव आज दुर्मीळ झाला आहे. बॅटरीच्या कडेला तीन सोनेरी पट्ट्या असत. दोन धन व ऋण टोकांच्या आणि मधली ओळख सांगणारी, म्हणजे आत कोणत्या जातीची बॅटरी बसली आहे हे फोनला कळवणारी. आतल्या बाजूस एक चिमुकले संरक्षक सर्किट असे. दाब ४.२ व्होल्टच्या वर फारसा जाऊ नये, बॅटरी पार रिकामी होऊ नये, दोन टोके एकमेकांना चिकटली तर प्रवाह तुटावा, ही त्याची कामे. नकली मालात पहिली काटछाट होते ती नेमकी इथे.

ज्याला आपण तंत्रज्ञान म्हणतो त्याचा बराचसा भाग ग्राहकाच्या हाती कसा येतो, याचे ही बॅटरी उत्तम उदाहरण होती. फोन मध्येच बंद पडू लागला की पट्ट्या खोडरबराने घासायच्या, हे शाळकरी मुलालाही ठाऊक होते. बॅटरी फुगली आहे का हे पाहायला ती काउंटरच्या काचेवर आडवी ठेवून बोटाने गरगर फिरवायची. सपाट असेल तर लगेच अडते, पोट आले असेल तर भोवऱ्यासारखी फिरते. दोन सरकत्या पिनांचा, रंगीत दिवे लुकलुकवणारा चार्जर भिंतीवर लावला की फोन खिशात आणि दुसरी बॅटरी चार्जरवर, अशी सोय होई. (हे चार्जर बॅटरीच्या प्रकृतीला फारसे चांगले नव्हते, हेही नोंदवायला हवे.) हौशी मंडळींना त्यातल्या पोटजातीही पाठ असत. बीएल-५सीए दिसायला तशीच, पण क्षमता ७०० चीच. पुढची बीएल-५सीबी तर खाच बदलून आलेली.

या साऱ्या कहाणीतला कसोटीचा प्रसंग १४ ऑगस्ट २००७ चा. जपानच्या मात्सुशिता बॅटरी इंडस्ट्रियल कंपनीने (मात्सुशिता उद्योगसमूहाचे नाव पुढे २००८ मध्ये पॅनासॉनिक झाले) डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात बनवलेल्या बीएल-५सी बॅटऱ्या चार्ज होताना आत शॉर्टसर्किट होऊन तापू शकतात व जागेवरून उचकटू शकतात, अशी सूचना नोकियाने त्या दिवशी जाहीर केली. अशा बॅटऱ्यांची संख्या ४ कोटी ६० लाख. तोवर विविध पुरवठादारांकडून बनवून घेतलेल्या एकूण बीएल-५सी सुमारे ३० कोटी होत्या. जगभरातून तापण्याच्या शंभरएक तक्रारी आल्या होत्या. गंभीर इजा झाल्याची नोंद नव्हती. कंपनीने त्याला ‘परत बोलावणी’ न म्हणता ‘सूचना’ म्हटले. शब्दांचा हा खेळ ग्राहकांना अर्थातच कळला नाही आणि कळण्याचे कारणही नव्हते.

भारतात या सूचनेने खळबळ उडाली. वृत्तवाहिन्यांवर मोबाइल फुटण्याच्या बातम्या, एसएमएसमधून पसरणाऱ्या अफवा आणि सर्व्हिस सेंटरांपुढे रांगा असे चित्र होते. बॅटरी काढायची, तिच्या पाठीवरचा २६ आकडी-अक्षरी क्रमांक वाचायचा, तो कंपनीला कळवून आपली बॅटरी सदोष गटातली आहे का हे विचारायचे, अशी पद्धत होती. असेल तर बदली बॅटरी फुकट. आज मागे वळून पाहता त्या गोंधळातली एक गोष्ट ठळकपणे डोळ्यांत भरते. भीती कितीही मोठी असली तरी उपाय वीस-बावीस ग्रॅमच्या एका तुकड्यापुरता होता. सदोष बॅटरी काढून ठेवायची, नवी घालायची, फोन तोच, त्यातले नंबर तेच. ग्राहकाला दोष स्वतःच्या डोळ्यांनी तपासता आला, इतकेच नव्हे तर स्वतःच्या हाताने दूरही करता आला.

त्याच्या नेमके उलट चित्र नऊ वर्षांनी दिसले. सॅमसंगने ऑगस्ट २०१६ मध्ये विक्रीस आणलेल्या गॅलक्सी नोट ७ च्या बॅटऱ्या पेट घेऊ लागल्या. त्या फोनची बॅटरी आत कायमची बंद केलेली होती. परिणामी २ सप्टेंबरला कंपनीला सुमारे २५ लाख अख्खे फोन परत बोलवावे लागले, बदलून दिलेलेही पेटू लागले आणि ऑक्टोबरमध्ये उत्पादनच थांबवावे लागले. जानेवारी २०१७ मध्ये कंपनीने दिलेल्या खुलाशानुसार दोष बॅटऱ्यांच्या रचनेत व निर्मितीत होता. फोनच्या बाकी अंगांत काही बिघाड नव्हता. म्हणजे एका सदोष अवयवापायी पडदा, कॅमेरा, चिप असा सगळा धडधाकट ऐवज बाद झाला. संख्येने पाहिले तर २००७ चे प्रकरण कित्येक पटींनी मोठे; नुकसानीने पाहिले तर २०१६ चे.

या दोन घटनांच्या दरम्यान झाकण बंद झाले होते. जून २००७ मध्ये, म्हणजे नोकियाच्या सूचनेच्या जेमतेम दीड महिना आधी, विक्रीस आलेल्या पहिल्या आयफोनची बॅटरी ग्राहकाला काढता येत नव्हती. त्या वेळी अनेक समीक्षकांनी ही उणीव मानली. पुढे तीच रीत झाली. सॅमसंगनेही २०१४ च्या गॅलक्सी एस-५ मध्ये काढता येणारी बॅटरी दिली आणि २०१५ च्या एस-६ मध्ये ती आत बंद केली. उत्पादकांची बाजू अगदीच पोकळ नाही. सुट्या बॅटरीला टणक कवच लागते, खाच लागते, झाकणाला जागा लागते. ती वाचवली की फोन सडपातळ होतो किंवा तेवढ्याच जागेत अधिक क्षमता मावते. आजच्या स्मार्टफोनला १०२० मिलिअँपिअर-तास काही तासही पुरणार नाहीत. परंतु पाण्यापासून बचावासाठी झाकण बंद करावेच लागते, हा युक्तिवाद मात्र टिकत नाही. उघडणारे झाकण असलेला एस-५ पाण्यात अर्धा तास राहू शकत होता, हे त्याच कंपनीने जाहिरातीत सांगितले होते.

बॅटरी आत बंद झाली की फोनचे आयुष्य बॅटरीच्या आयुष्याला बांधले जाते. लिथियम-आयन बॅटरी वापरली तरी झिजते आणि कपाटात ठेवली तरी थोडीफार झिजते. डिसेंबर २०१७ मध्ये अ‍ॅपलने मान्य केले की झिजलेल्या बॅटरीचे काही आयफोन अचानक बंद पडू नयेत म्हणून सॉफ्टवेअरद्वारे त्यांचा वेग कमी केला जातो. वापरणाऱ्याला वाटत होते फोन जुना झाला; जुनी झाली होती ती बॅटरी. टीका झाल्यावर अमेरिकेत बॅटरी बदलण्याचे शुल्क ७९ डॉलरवरून २९ डॉलर करण्यात आले आणि फ्रान्समध्ये २०२० साली कंपनीला अडीच कोटी युरोंचा दंड भरावा लागला.

कायद्याने आता उलटा प्रवास सुरू केला आहे. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमावलीत वापरकर्त्याला बाजारात मिळणाऱ्या अवजारांनी बॅटरी काढता यावी, अशी तरतूद असून ती लागू करण्याची तारीख १८ फेब्रुवारी २०२७ ठरवली गेली. त्यात स्मार्टफोनसाठी मुभाही आहे. जून २०२५ पासूनच्या वेगळ्या नियमांनुसार ५०० वेळा चार्ज केल्यावर ८३ टक्के व १००० वेळा केल्यावर ८० टक्के क्षमता राखणारी बॅटरी असेल आणि फोन पाण्या-धुळीला दाद देत नसेल, तर ती बदलण्याचे काम तंत्रज्ञाकडे सोपवता येते. बहुतेक बडे उत्पादक याच वाटेने जातील, असे मानायला जागा आहे. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, डिसेंबरमध्ये त्याचे पोर्टल सुरू केले आणि २०२५ मध्ये दुरुस्ती-निर्देशांकाविषयीचा अहवालही विभागाकडे आला. सक्ती मात्र यांपैकी कशातच नाही.

नोकियाने हँडसेटचा व्यवसाय २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टला विकला. बीएल-५सी मात्र मालकाशिवायही जगली. मेमरी कार्डावरची भजने वाजवणारे छोटे स्पीकर, खिशातले एफएम रेडिओ, शेकडो जुने खेळ भरलेले चिनी गेम-यंत्र यांची झाकणे उघडली तर पुष्कळदा तीच ५३ बाय ३४ ची वडी आढळते. कुठल्याही शहरात ती मिळतेच, या भरवशावर भलतेच उत्पादक आपले यंत्र तिच्याभोवती बेततात.

आज ती विकत घेताना नोकियाचा जुना होलोग्राम शोधण्यात अर्थ नाही. भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह, आयएस १६०४६ हा मानक क्रमांक आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक लेबलावर आहे का, हे पाहावे. एवढ्या आकारात दोन-तीन हजार मिलिअँपिअर-तासांचा दावा छापलेला असेल तर ती बॅटरी तिथेच परत करावी. या मापात साधारण हजाराच्या आसपासच क्षमता मावते. घरी पडून असलेली जुनी बॅटरी घालण्यापूर्वी काचेवर एकदा फिरवून पाहावी. फिरली तर चार्जरला न लावता, न टोचता, ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्यावी.