खारे पाणी, टायटेनियम आणि धातूची श्रांती

न्हावा येथील ओएनजीसीच्या तळावरून बॉम्बे हाय या समुद्रातील तेलक्षेत्राच्या प्लॅटफॉर्मना सामान पुरवले जाते. या क्षेत्रात 1974 मध्ये तेल सापडले आणि 21 मे 1976 रोजी उत्पादन सुरू झाले. प्लॅटफॉर्म ज्या पोलादी सांगाड्यावर उभा असतो त्याला जॅकेट म्हणतात. सहा-सात सेकंदांना एक लाट धरली, तर त्याच्या नळ्यांच्या जोडांवर वर्षाकाठी सुमारे 50 लाख वेळा भार येतो आणि उतरतो. यातला एकही भार जोड मोडण्याइतका नसला, तरी वारंवार आल्याने धातूत बारीक तडा पडतो व हळूहळू वाढतो. हीच धातूची श्रांती, आणि ठरावीक आवर्तनांपर्यंत धातू जो ताण न मोडता सोसतो ते त्याचे श्रांतिबल.

श्रांतीच्या अभ्यासाचा आरंभ रेल्वेच्या आसांपासून झाला. 1842 मध्ये व्हर्सायजवळ आस मोडून भीषण अपघात झाला, आणि पुढे जर्मनीत ऑगस्ट व्होलरने आसांवर वर्षानुवर्षे प्रयोग करून दाखवले की कोरड्या हवेत पोलादाला एक मर्यादा असते, जिच्याखालचा ताण ते जवळजवळ अमर्याद वेळा सोसते. उघड्या पोलादाला खाऱ्या पाण्यात ही मर्यादा उरत नाही, कारण गंज तड्याला सतत वाट करून देतो.

मानवी शरीरही आतून खारेच आहे. चालत्या माणसाचा एक पाय वर्षाला सुमारे 10 लाख वेळा भार घेतो, म्हणूनच कृत्रिम खुब्याचा स्टेम, म्हणजे मांडीच्या हाडात बसणारा दांडा, प्रमाणित चाचणीत 50 लाख आवर्तने सोसतो की नाही हे पाहिले जाते. जॉन चार्नली यांनी 1960 च्या दशकात रूढ केलेल्या खुब्याचा दांडा स्टेनलेस स्टीलचा होता आणि त्यातले काही दांडे पुढे मोडले: वरच्या भागातले सिमेंट सुटे झाले, खालचे टोक मात्र घट्ट राहिले, आणि प्रत्येक पावलाला दांडा मधोमध वाकू लागला. अशा तुटलेल्या पृष्ठभागावर एका बिंदूपासून पसरत गेलेल्या कमानदार रेषा दिसतात, आणि शेवटी एकदम फाटलेला खरबरीत पट्टा.

पोलादाला पर्याय ठरलेल्या टायटेनियमचा शोध विल्यम ग्रेगर यांनी 1791 मध्ये कॉर्नवॉलच्या काळ्या वाळूत लावला. त्याचे खनिज इल्मेनाइट रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही सापडते. 1954 च्या सुमारास विमानांसाठी सहा टक्के ॲल्युमिनियम व चार टक्के व्हॅनेडियम घातलेला मिश्रधातू तयार झाला आणि पुढे तोच शस्त्रक्रियेत आला. गुळगुळीत नमुन्यावर त्याचे श्रांतिबल सुमारे 500 ते 600 मेगापास्कल भरते, पोलादाच्या जवळजवळ निम्म्या ताठरपणामुळे तो हाडावरचा भार कमी हिरावतो, आणि ऑक्साइडचे अतिशय पातळ कवच त्याला खाऱ्या द्रवात जपते.

हे कवच घासले गेले किंवा पृष्ठभागावर खाच पडली, की मात्र या मिश्रधातूचे श्रांतिबल झपाट्याने घसरते. सुट्या मानेच्या, म्हणजे मान दांड्यात वेगळी बसवलेल्या, काही टायटेनियम खुब्यांमध्ये हे दोन भाग सूक्ष्म हालचालीने एकमेकांवर घासून माना तुटल्या. या इतिहासात तडा बहुधा दुय्यम समजल्या गेलेल्या जागीच सुरू झालेला दिसतो. 27 मार्च 1980 रोजी उत्तर समुद्रात अलेक्झांडर किएलँड हा तरंगता प्लॅटफॉर्म उलटून 123 जण मृत्युमुखी पडले, तेव्हा तडा एका ध्वनियंत्राच्या आधारासाठी केलेल्या किरकोळ वेल्डिंगपासून सुरू झाला होता. त्याच कारणाने शरीरात बसवायच्या इम्प्लांटवर लेझरने कोरायचा क्रमांकसुद्धा सर्वांत कमी ताण येणाऱ्या जागी घालावा लागतो.