राजूरची अंगारकी : तिथीची आणि वाराची कुळकथा

अंगारकीच्या आदल्या रात्री जालन्याहून राजूरकडे जाणारा रस्ता माणसांनी भरून जातो. अनवाणी चालणारी तरुण पोरं, कडेवर लेकरू घेतलेल्या बाया, काठी टेकत निघालेले आजोबा, असे सगळे जण पंचवीसेक किलोमीटर तुडवून पहाटे राजुरेश्वराच्या टेकडीखाली रांगेला लागतात. भोकरदन तालुक्यातलं हे गाव मराठवाडा गणपतीच्या साडेतीन पीठांतलं पूर्ण पीठ मानतो. संकष्टी दर महिन्याला येते, तरी एवढा लोंढा लोटतो तो मंगळवारी आलेल्या संकष्टीलाच. ज्याला ज्योतिषाची बाराखडी गिरवायची आहे, त्याने याच दिवसापासून सुरुवात करावी. पंचांगाची तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण ही पाच अंगं. त्यांतल्या पहिल्या दोघांची गाठ इथे पडते, आणि या दोघांची कुळं अगदी वेगळी आहेत.

तिथी आपल्या मातीतली, फार जुनी. अमावास्येला सूर्य आणि चंद्र आकाशात एका जागी येतात. मग चंद्र दिवसाला सुमारे 13 अंश पुढे सरकतो, सूर्य जेमतेम 1 अंश. दोघांतलं अंतर 12 अंशांनी वाढलं की एक तिथी संपते. 360 अंशांच्या फेऱ्यात अशा 30 तिथ्या बसतात, आणि अंतर 216 ते 228 अंश असतं तो काळ कृष्ण चतुर्थीचा, म्हणजे संकष्टीच्या तिथीचा. चंद्राची चाल सारखी नसल्याने तिथी कधी 19 तासांत आटोपते, तर कधी 26 तासांपर्यंत लांबते. कॅलेंडरात एखादी तिथी गायब दिसते किंवा दोनदा छापलेली आढळते, ती यामुळेच.

वेदांग ज्योतिषात तिथी आहे, नक्षत्र आहे. वार मात्र नाही, आणि मेष-वृषभादी राशीही नाहीत. ग्रहांच्या नावाचे वार पश्चिमेकडून, ग्रीक म्हणजे यवन ज्योतिषाबरोबर आले आणि इथलेच होऊन गेले. त्यांचा क्रम कसा लागला ते एकदा बोटांवर मोजून पाहावं. पृथ्वीपासून सर्वांत लांबचा मानलेला शनी, मग गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध आणि चंद्र, अशी उतरती रांग धरा. दिवसाचे 24 होरे याच क्रमाने एकेका ग्रहाला वाटून द्या. पहिला होरा ज्याचा, त्याचा तो वार. शनिवारी पहिला होरा शनीचा. 24 होरे संपल्यावर पंचविसावा येतो रवीकडे, म्हणून दुसरा दिवस रविवार. पुढे त्याच हिशेबाने चंद्राचा सोमवार, मग मंगळवार. मला हे गणित पहिल्यांदा उलगडलं तेव्हा शाळेत पाठ केलेले सात वार नव्याने भेटल्यासारखे वाटले. भारतात वार कोरलेला सर्वांत जुना ज्ञात कालनिर्देश मध्य प्रदेशातल्या एरणच्या स्तंभलेखात सापडतो: बुधगुप्ताच्या काळातला, इ. स. 484 चा, गुरुवारचा.

म्हणजे चतुर्थीला मंगळवार भेटायला आधी वार इथे रुजावे लागले. त्या भेटीला कथा दिली गणेश पुराणाने. भूमीने वाढवलेला भारद्वाजपुत्र भौम, निखाऱ्यासारखा लाल म्हणून अंगारक, नर्मदाकाठी तप करतो. माघ वद्य चतुर्थीला, मंगळवारी, गणेश त्याला दर्शन देतो. त्याला मंगळ म्हणून ग्रहांत स्थान मिळतं, आणि या चतुर्थीच्या एका उपवासाने 21 संकष्टींचं पुण्य लाभेल, असा वरही. वर्षात संकष्ट्या बारा-तेरा आणि वार सात, तेव्हा अंगारकी वर्षाला सरासरी दोनदाही येत नाही.

याच मंगळाचं नाव लग्न ठरवताना घेतलं, की घरातले चेहरे उतरतात. पत्रिकेतल्या 12 स्थानांपैकी पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानी तो असला की ‘मंगळाची पत्रिका’. 12 पैकी 5 स्थानं म्हणजे शंभरातल्या चाळीसहून अधिक पत्रिका यात सापडणार. एवढ्यासाठी एखाद्या मुलीचं स्थळ मोडणं मला अन्यायाचं वाटतं. राजूरला जो मंगळ भक्त म्हणून पूजेच्या कथेत येतो, तो उंबरठ्याआत आला की वैरी कसा होतो?

संकष्टीचा दिवस ठरतो चंद्रोदयावर: चंद्र उगवताना चतुर्थी असली पाहिजे. घरोघरच्या कॅलेंडरात बहुधा मुंबईची वेळ मोठ्या अक्षरात असते. जालना मुंबईच्या पूर्वेला सुमारे 3 अंश. एका अंशाला 4 मिनिटं धरली, तर चंद्र इथे 12 मिनिटं आधी दिसतो. जुन्या मापात ही अर्धी घटी, 30 पळं. उलट प्राचीन ज्योतिषांनी जिथून रेखांश मोजले, त्या उज्जैनपेक्षा जालन्याचा फरक अर्ध्या मिनिटाचाही नाही. दोन्ही गावं जवळजवळ एकाच उत्तर-दक्षिण रेषेवर आहेत. चतुर्थी नेमकी चंद्रोदयाच्या सुमाराला लागत किंवा संपत असेल, तर गावागावांतल्या अशा काही मिनिटांच्या फरकाने मुंबईची संकष्टी एका दिवशी आणि नागपूरची दुसऱ्या दिवशी येऊ शकते. म्हणून जालन्यात उपवास धरणाऱ्याने पंचांगातल्या गावांच्या कोष्टकात आपल्या गावाची वेळ शोधावी, आणि मोदकाचं ताट त्या वेळेला वाढावं.