लाल कूज : बेण्याच्या गाडीतून आलेला रोग

लखनौचा इतिहास म्हटलं की आपण इमामबाडा आणि नवाबांपाशीच थांबतो. आज मी तुम्हाला रायबरेली रस्त्यावर नेणार आहे, भारतीय ऊस संशोधन संस्थेत.

गोष्ट मात्र संस्थेच्या आधीची, १९३८ ते १९४० ची. कोइमतूरहून आलेला को २१३ हा ऊस तेव्हा पूर्व उत्तर प्रदेश आणि बिहारमधल्या शेतकऱ्यांचा लाडका. त्याच्यावर लाल कूज आली आणि फडच्या फड वाळले. असा ऊस उभा चिरला की आत गर तांबडा, त्यात पांढरे आडवे पट्टे, आणि वास आंबलेल्या दारूसारखा. बटलर या शास्त्रज्ञाने १९०६ सालीच या रोगाचं वर्णन करून ठेवलं होतं. म्हणजे शत्रू अनोळखी नव्हता.

ही बुरशी पाटाच्या आणि पावसाच्या पाण्याबरोबर शेजारच्या शेतात जाते. पण गावोगाव तिला नेतो माणूसच! धडधाकट दिसणाऱ्या टिपरीत ती दडून बसते. पाहुण्याने मोठ्या मनाने गाडीभर बेणं दिलं, की रोगही त्याच गाडीतून आला.

१९५२ मध्ये लखनौची संस्था सुरू झाली. तिथल्या संशोधकांनी बेण्याला दमट गरम हवा देण्याची पद्धत बसवली : ५४ अंश सेल्सिअस, अडीच तास. डोळे शाबूत राहतात, गवताळ वाढीसारखे रोग आटोक्यात येतात. लाल कूज खोल मुरली असेल तर मात्र याची खात्री नाही. म्हणून बेणेमळा वेगळा ठेवायचा, रोगट बेट मुळासकट उपटून जाळायचं, त्या फडाचा खोडवा ठेवायचा नाही आणि पुढे दुसरं पीक घ्यायचं.

इतकं ठाऊक असूनही तेच पुन्हा घडलं. २००९ मध्ये को ०२३८ आला. वजन चांगलं, साखरउताराही चांगला. काही वर्षांत उत्तर प्रदेशातलं तीन-चतुर्थांशाहून जास्त ऊसक्षेत्र त्याच्याखाली गेलं, आणि मग लाल कूज त्याच्यावरही उलटली. शेतकऱ्याला दोष देणं मला पटत नाही. दोन पैसे जास्त देणारा ऊस तो लावणारच. आता लखनौच्याच संस्थेचा कोएलके १४२०१ बदली वाणांमध्ये आहे.

आणि आपल्या महाराष्ट्रात? इथे वर्षानुवर्षं बहुतेक भार को ८६०३२ वर आहे. त्याची गोष्ट पुढच्या भागात.