तेरेखोलचे पाहुणे

गोव्याच्या नकाशावर उत्तरेच्या टोकाला नदीपलीकडे पडलेला एक लहानसा तुकडा दिसतो. तोच तेरेखोल. हा गाव पेडणे तालुक्यातला. परंतु तालुक्यातील दुसऱ्या कोणत्याही गावाशी त्याची जमिनीवरची शीव लागत नाही. मध्ये तेरेखोलची खाडी आहे. केरीच्या धक्क्यावर फेरीबोटीत बसावे, तेव्हा तेरेखोल येते; आणि पायी जायचे म्हटले, तर रेडीच्या बाजूने, म्हणजे सिंधुदुर्ग जिल्ह्यातून, वळसा घालावा लागतो. खाडीच्या मुखावर टेकडी, टेकडीवर किल्ला आणि किल्ल्याच्या अंगणात संत अंतोनीचे चर्च. या किल्ल्यात आजवर कोण कोण राहून गेले, हे पाहू लागले की गोव्याच्या इतिहासाचे एक छोटेखानी पुस्तकच उघडते.

किल्ला मूळचा सावंतवाडीच्या भोसल्यांचा. सतराव्या शतकात तो बांधला गेला तो खाडीत शिरणाऱ्या गलबतांवर नजर ठेवण्यासाठी. 1746 साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने पेडण्यातील हळर्णचा किल्ला घेतला आणि त्याच मोहिमेच्या ओघात तेरेखोलही घेतले. हळर्णच्या विजयाबद्दल पुढे त्याला ‘आलोर्नाचा मार्केस’ ही पदवी मिळाली. मौज अशी, की आजूबाजूचा पेडणे महाल पोर्तुगीजांकडे आला तो 1788 साली. डिचोली आणि सत्तरी त्याआधी थोड्याच वर्षांपूर्वी आल्या होत्या. म्हणजे तेरेखोल हे नव्या काबिजादींच्या कितीतरी आधी पलीकडच्या तीरावर ठेवलेले पहारेकऱ्याचे पाऊल होते. पहारेकऱ्याला गावाचा लळा असतोच असे नाही. तो येतो, बदली होते, निघून जातो.

या पहाऱ्याच्या जागेवर एकदा घरचेच रक्त सांडले. पोर्तुगालमध्ये उदारमतवादी पक्षाचा जय झाल्यावर बेर्नार्दु पेरीश द सिल्व या गोमंतकीय डॉक्टराची गोव्याच्या कारभारावर नेमणूक झाली. सव्वातीन शतकांच्या अंमलात प्रथमच या भूमीचा पुत्र तिच्या गादीवर बसत होता. 1835 च्या जानेवारीत त्याने सूत्रे हाती घेतली आणि सतरा दिवसांतच लष्करी बंडाने त्याला खाली खेचले. त्यानंतरच्या धुमाळीत तेरेखोलच्या किल्ल्यातील त्याच्या पक्षाच्या शिपायांची कत्तल झाली. स्वकीय राज्यकर्ता ही कल्पनाच ज्यांना सोसली नाही, त्यांनी या भिंतींना दिलेली ती आठवण होय.

पुढे शंभरावर वर्षांनी या किल्ल्यावर आलेले पाहुणे निःशस्त्र होते. 15 ऑगस्ट 1954 रोजी गोमंतकीय सत्याग्रहींच्या तीन तुकड्या तीन बाजूंनी गोव्यात शिरल्या. पत्रादेवीच्या वाटेने अँथनी डिसोझा, दक्षिणेला पोळे येथे मार्क फर्नांडिस आणि तेरेखोलला आल्फ्रेड आफोंसो हे त्यांचे नेते होते. तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा चढला. सत्याग्रहींना अटक झाली, तुरुंगवास घडला. या तीन नावांकडे नीट पाहावे. गोव्याचा ख्रिस्ती समाज लिस्बनशी एकरूप आहे, स्वातंत्र्याची हाक बाहेरच्यांची आहे, असे सालाझारचे सरकार जगाला सांगत होते. त्याला उत्तर म्हणून भाषणाची गरज उरली नाही; तिन्ही नेत्यांची नावेच पुरेशी होती.

19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला आणि किल्ल्याच्या पहाऱ्याचे प्रयोजन संपले. ज्या भिंतींना तोफांची सवय होती त्यांना आता प्रवाशांची सवय करावी लागली. आग्वादच्या तटाला लागून 1970 नंतरच्या दशकात मोठे हॉटेल उभे राहिले आणि 1983 साली राष्ट्रकुलातील देशांचे प्रमुख गोव्यात विश्रांतीला आले. तेरेखोलच्या किल्ल्याचेही पर्यटक निवासात रूपांतर झाले. काही वर्षे येथील सात खोल्यांना आठवड्याच्या सात वारांची नावे होती. सोमवारी उतरावे की रविवारी, एवढीच चिंता पाहुण्याने करावी, अशी ही व्यवस्था. जेथे शिपाई पहाट होईतो जागत, तेथे आता लोक सूर्यास्त पाहण्यासाठी दाम मोजू लागले. यात खेद मानण्याचे कारण नाही. ओस पडून ढासळण्यापेक्षा वापरात राहिलेली वास्तू केव्हाही बरी.

विश्रांतीसाठी घर सोडून जाणे ही गोव्याला नवी गोष्ट नव्हे. मे महिना आला की अनेक कुटुंबे बाडबिस्तरा, तांदूळ आणि भांडी घेऊन समुद्रकाठी किंवा झऱ्याकाठी जात. तिला ‘मुदांस’ म्हणत. खाऱ्या पाण्यात अंग बुचकळावे, हवा पालटावी, पावसाच्या आत घरी परतावे, असा तो क्रम असे. आज ‘स्पा’ हा शब्द सर्वतोमुखी झाला आहे. तो बेल्जममधील ज्या लहानशा गावाच्या नावावरून आला, त्याची ख्यातीही झऱ्यांच्या औषधी पाण्यावरच वाढली. भेद इतकाच, की मुदांसला गेलेला माणूस पाण्याकडे जात असे. आजच्या विश्रांतिगृहात पाणीच माणसाकडे आणले जाते.

हा भेद सर्वाधिक ठळक होतो तो गोल्फच्या बाबतीत. स्कॉटलंडच्या ओल्या, वाळूमिश्रित कुरणांवर वाढलेला हा खेळ 1829 साली कलकत्त्याला आणि 1842 साली मुंबईला आला. त्याचे हिरवे मैदान नंतर वाळवंटातही गेले. 1988 साली दुबईत, आखाती प्रदेशातील पहिले हिरवळीचे मोठे स्पर्धा-मैदान खुले झाले. वाळवंटात गवत आपण होऊन उगवत नाही. त्यासाठी समुद्राचे पाणी गोडे करावे लागते किंवा सांडपाणी शुद्ध करून दररोज शिंपावे लागते. धनिकांच्या कौतुकाचा तो विषय असेल. पण त्यामागचा हिशेब साधा आहे. हिरवळीला जे पाणी लागते ते कोठून तरी यावे लागते.

तेरेखोलच्या पठारावर हाच हिशेब पुढे आला. पेडण्याचे सडे वैशाख महिन्यात पाहिले, तर एखाद्याला वाळवंटच वाटावे: तांबडा जांभा, करपलेले गवत, मधूनमधून काजूची झाडे. सरकारी कागदावर अशा जमिनीला ओसाड म्हणणे सोपे असते. परंतु याच जांभ्यात मृगापासूनचे पाणी मुरते आणि तेच खालच्या विहिरींना पुरते. काजूच्या हंगामावर गरिबाच्या घरचे वर्ष निभावते. या पठारावर गोल्फचे मैदान आणि आलिशान विश्रांतिगृह उभारण्याची योजना आली, तेव्हा गावातील कुटुंबे तिच्या विरोधात उभी राहिली. झाडे कोणी लावली, जमीन कोणी कसली, कुळाचा हक्क कोणाचा, हे प्रश्न न्यायासनापुढे गेले. गोव्याचा कुळकायदा 1964 चा आणि कसणाऱ्याला मालक मानणारी त्याची दुरुस्ती 1976 ची. इतक्या वर्षांनंतरही लहान माणसाला आपल्या पायाखालची माती आपली आहे हे सिद्ध करीत बसावे लागते, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

डिचोली तालुक्याने हा धडा दुसऱ्या रीतीने गिरवला आहे. तेथील डोंगरही एके काळी माळरानच म्हणून गणले जात. त्यांच्या पोटात लोहखनिज सापडले, डोंगर उतरले, खड्डे खोल गेले. 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबविले, तेव्हा अनेक घरांची मिळकत थांबली. पण आटलेले झरे आणि गाळाने भरलेली शेते त्या हुकमाने परत आली नाहीत. खाणीने रोजगार दिला, हे खरे. विश्रांतिगृहेही देतील. प्रश्न रोजगार हवा की नको हा नव्हे. त्याच्या मोबदल्यात काय द्यावयाचे, आणि ते ठरविणार कोण, हा आहे.

मोपाच्या पठारावर 2023 च्या जानेवारीपासून विमाने उतरू लागली आणि पेडणे जगाच्या दारात आले. पाहुणे वाढतील, यात शंका नाही. ‘अतिथी देवो भव’ हे वचन या भूमीने कधी नाकारले नाही. मात्र त्या वचनात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे यजमानाचे स्वतःचे घर. भोसल्यांचे किल्लेदार गेले, पोर्तुगीजांचे शिपाई गेले, सात वारांच्या खोल्यांतले प्रवासी येतात आणि जातात. तेरेखोलमध्ये कायम राहिले ते पायथ्याचे मासेमार आणि पठारावरचे काजूवाले. इतिहासाच्या पुस्तकात त्यांची नावे नाहीत. पण किल्ल्याला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यासाठी खाडी ओलांडणारी होडी हाकली ती याच माणसांनी. त्यांचे घर आणि त्यांची विहीर शाबूत राहिली, तरच तेरेखोलला पाहुणचार करता येईल. एरवी तेथे उरतील ते फक्त पाहुणे.